मामीच्या घराच्या छपराला भोक पाडून मोजलेला पृथ्वीचा वेग

मुंबई ते पुणे साधारण दीडशे किलोमीटर. एक्स्प्रेसवे मोकळा मिळाला तर तीन तास, घाटात अडकलात तर विचारूच नका. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना एवढंच अंतर पाच सेकंदांत कापते. सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर, म्हणजे तासाला एक लाख सात हजार. आणि आपल्या हातातल्या चहाच्या कपात साधा तरंगही उठत नाही.

हा आकडा शाळेत पाठ केलेला असतो. पण तो कुणी आणि कसा शोधून काढला, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. गाडीचा वेग पाहायचा तर समोर काटा असतो, रस्त्यालगत मैलाचे दगड असतात. पृथ्वीला यातलं काहीच नाही. मग अडीच-तीनशे वर्षांपूर्वी, विजेचा दिवा नाही, फोटोची सोय नाही, अशा काळात एखाद्या माणसाने हे कसं जमवलं असेल?

आपल्यापैकी जे लंडनच्या आसपास राहतात, त्यांच्याकडे उन्हाळ्यात आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की ग्रीनिचची एक फेरी ठरलेली असते. वेधशाळेच्या अंगणातल्या शून्य रेखांशावर एक पाय पूर्व गोलार्धात, एक पाय पश्चिम गोलार्धात ठेवून फोटो निघतात. त्या रेषेच्या पश्चिमेला जेमतेम सहा मीटरवर आणखी एक रेखांश आहे. तिथे कुणी रांग लावत नाही. इंग्लंडच्या सरकारी नकाशांची मोजणी मात्र सुरुवातीपासून त्याच रेषेवरून झाली. ती रेषा जेम्स ब्रॅडली या खगोलशास्त्रज्ञाची. पृथ्वी खरोखर फिरते याचा पहिला थेट पुरावा त्याने दिला आणि तिच्या वेगाचं पहिलं माप प्रकाशाशी ताडून घेतलं. गंमत म्हणजे तो शोधायला निघाला होता भलतंच काहीतरी.

मामा आणि भाचा

ब्रॅडलीचा जन्म १६९२ च्या सुमाराचा, ग्लॉस्टरशरमधल्या शेरबर्न या खेड्यातला. १७११ मध्ये तो ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात दाखल झाला. शिकून पाद्री व्हायचं, असा सरळ रस्ता ठरलेला होता. पण या मुलाला एक मामा होता आणि त्या मामाने त्याचं आयुष्य बदललं.

मामाचं नाव रेव्हरंड जेम्स पाउंड. हा गृहस्थ १६९९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री म्हणून आपल्याकडे मद्रासला, सेंट जॉर्ज किल्ल्यावर गेला होता. पुढे कंपनीच्या वखारीबरोबर तो आजच्या व्हिएतनामजवळच्या पुलो कोंडोर बेटावर पोहोचला. १७०५ च्या मार्चमध्ये तिथल्या शिपायांनी उठाव केला, मोठी कत्तल झाली. जे मूठभर इंग्रज एका छोट्या गलबतातून जीव वाचवून निसटले, त्यात पाउंड होता. कागदपत्रं आणि जमवलेलं सगळं सामान तिथेच गेलं. इंग्लंडला परतल्यावर १७०७ मध्ये त्याला वॉन्स्टेडच्या चर्चची जागा मिळाली.

वॉन्स्टेड म्हणजे आज सेंट्रल लाइनवरचं स्टेशन. पलीकडे इलफर्ड, जिथे आपल्या भारतीयांची दुकानं आणि घरं आता पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तेव्हा ते एसेक्समधलं गाव होतं, रात्री काळोख असायचा आणि मामाला आकाशाचं वेड होतं. त्याच्या वेडाची एकच गोष्ट सांगतो. हॉलंडच्या हायगेन्सने बनवलेलं एक भिंग रॉयल सोसायटीकडे होतं. त्याचं नाभी-अंतर १२३ फूट! एवढी लांब नळी कोण करणार? म्हणून भिंग उंच खांबावर बसवायचं आणि खाली उभं राहून हातातल्या दुसऱ्या भिंगातून पाहायचं, अशी पद्धत होती. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरचा, मे महिन्याच्या उत्सवाचा जुना उंच खांब तेव्हा काढला गेला होता. तो न्यूटनने मिळवून दिला आणि वॉन्स्टेडच्या उद्यानात मामाच्या भिंगासाठी उभा राहिला.

अशा मामाच्या हाताखाली भाचा तयार झाला. गुरूच्या चंद्रांची ग्रहणं, धूमकेतू, जोडतारे, सगळ्यांचे वेध दोघं घेत. मंगळाच्या वेधांवरून सूर्य किती दूर आहे हे काढण्याचाही प्रयत्न त्यांनी केला. १७१७ मध्ये भाच्याला देवी आल्या, तेव्हा मामानेच त्याची शुश्रूषा केली. पैशाची अडचण असे तेव्हाही मामाच पुढे व्हायचा. १७१८ मध्ये ब्रॅडली रॉयल सोसायटीचा फेलो झाला. मधल्या काळात त्याने पाद्रीपणही पत्करलं होतं, पण १७२१ मध्ये ऑक्सफर्डला खगोलशास्त्राचं प्राध्यापकपद मिळताच चर्चच्या जागा त्याने सोडून दिल्या. १७२४ मध्ये मामा गेला. ब्रॅडली मात्र मामीजवळ वॉन्स्टेडलाच राहिला आणि व्याख्यानांपुरता ऑक्सफर्डला जात राहिला.

सगळे मानत होते, पण पुरावा कुठे होता?

आता त्या काळात विद्वानांची अडचण काय होती, ते पाहू. कोपर्निकसचं पुस्तक १५४३ चं. न्यूटनचं प्रिन्सिपिया १६८७ चं. १७२५ पर्यंत इंग्लंडमधल्या शिकलेल्या माणसांनी पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मान्य केलेलं होतं. गणित जुळत होतं, ग्रहांच्या जागा बरोबर येत होत्या. पण पृथ्वी हलते आहे, हे दाखवणारी एकही गोष्ट कुणाच्या हाती नव्हती. उलट जुन्या मताच्या लोकांकडे एक जोरदार मुद्दा होता.

हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरा. एकदा डावा डोळा मिटून पाहा, एकदा उजवा. मागच्या भिंतीवर अंगठा इकडून तिकडे सरकल्यासारखा दिसतो. पृथ्वी जर सूर्याभोवती फिरत असेल, तर जानेवारीत आपण एका टोकाला आणि जुलैत दुसऱ्या टोकाला असणार. मग जवळचे तारे असेच सरकताना दिसायला हवेत. याला पॅरॅलॅक्स म्हणतात, मराठी पुस्तकांत पराशय किंवा लंबन. टायको ब्राहेसारख्या कसलेल्या निरीक्षकाला ते दिसलं नाही, म्हणून त्याने पृथ्वी स्थिर मानली. कोपर्निकसच्या बाजूचे लोक म्हणत की तारे फार दूर आहेत, म्हणून सरकणं दिसत नाही. म्हणजे ते दाखवण्याइतकं बारीक कुणी मोजलं, की वाद संपला.

१६६९ मध्ये रॉबर्ट हुकने हा प्रयत्न केला. त्याने कालेय तारकासमूहातला गॅमा ड्रॅकोनिस हा तारा निवडला. कारण साधं होतं. हा तारा लंडनच्या जवळजवळ बरोबर डोक्यावरून जातो. क्षितिजाजवळच्या ताऱ्याचा प्रकाश हवेत वाकतो, पण डोक्यावरून सरळ खाली येणारा वाकत नाही. पॅरॅलॅक्स सापडल्याचं हुकने जाहीर केलं, पण त्याचे वेध इतके थोडे होते की कुणाला खात्री वाटेना.

क्यूच्या धुराड्याला टांगलेली दुर्बीण

सॅम्युएल मॉलिन्यू हा ब्रॅडलीचा श्रीमंत मित्र. युवराजाचा सचिव आणि खगोलाचा शौकीन. क्यूला त्याचं मोठं घर होतं. हुकचा प्रयोग आपण नीट करायचा, असं दोघांनी ठरवलं. जॉर्ज ग्रॅहम हा लंडनचा नामांकित घड्याळजी. त्याच्याकडून २४ फूट लांबीची दुर्बीण करून घेतली. १७२५ च्या नोव्हेंबरअखेर ती घराच्या धुराड्याच्या भक्कम बांधकामाला उभी टांगली. ती फक्त वर पाहायची, बाजूला वळायची नाही. बारीक आट्यांचा स्क्रू फिरवून तिचं खालचं टोक केसभर सरकवायचं आणि तारा किती उत्तरेला किंवा दक्षिणेला गेला ते मोजायचं.

डिसेंबरात हा तारा भर दुपारी डोक्यावर येतो. एवढ्या मोठ्या दुर्बिणीतून तो दिवसाही दिसायचा. ३ डिसेंबरला पहिला वेध झाला, मग आणखी तीन. पॅरॅलॅक्सच्या हिशेबाने या दिवसांत तारा हलायला नको होता, कारण तो आपल्या एका टोकाला पोहोचून थांबलेला असणार. काम तेवढ्यावर थांबवलं असतं तरी चाललं असतं. पण १७ डिसेंबरला ब्रॅडलीने, केवळ उत्सुकता म्हणून, पुन्हा डोळा लावला. तारा किंचित दक्षिणेला गेलेला होता.

आधी वाटलं आपलंच चुकलं. पुन्हा पाहिलं. तारा आणखी दक्षिणेला. यंत्र तपासलं, ओळंबा तपासला, सगळं जागच्या जागी. मार्चपर्यंत तारा २० विकला दक्षिणेला गेला आणि तिथे थांबला. मग उलट फिरला. जूनमध्ये मूळ जागी आला, सप्टेंबरात २० विकला उत्तरेला गेला आणि डिसेंबरात परत घरी.

२० विकला म्हणजे किती? एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. दहा पेन्सचं नाणं अडीचशे मीटर लांब धरलं तर जेवढं दिसेल, तेवढ्या या २० विकला. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा नव्वदावा भाग. डोळ्याला काहीच नाही, पण या दुर्बिणीला भरपूर.

मग पॅरॅलॅक्स सापडलं म्हणायला काय हरकत होती? इथेच ब्रॅडलीचा कस लागला. तारा वर्षभरात फिरून जागेवर येत होता. ज्याची दीडशे वर्षं वाट पाहिली, ते हाती आल्यासारखं दिसत होतं. पण पॅरॅलॅक्समध्ये ताऱ्याने डिसेंबरात आणि जूनमध्ये टोक गाठायला हवं. हा गडी मार्च आणि सप्टेंबरात टोक गाठत होता. बरोबर तीन महिन्यांचा फरक. हवं ते उत्तर समोर असताना तारखा जुळत नाहीत म्हणून ते बाजूला ठेवणं सोपं नसतं. ब्रॅडलीने ते बाजूला ठेवलं.

दुसरी शंका आली की पृथ्वीचा आसच डुलत असेल. तसं असेल तर ध्रुवाच्या पलीकडच्या बाजूचा ताराही तेवढाच सरकायला हवा. तसा एक मंद तारा पाहिला, तर तो निम्माच सरकत होता. पृथ्वीच्या धावण्याने वातावरण एका बाजूला दबत असेल का, हाही विचार झाला. तोही जुळेना.

मामीचं छप्पर

क्यूची दुर्बीण मोजकेच तारे दाखवी. बाकीचे तारे काय करतात हे कळल्याशिवाय कोडं सुटणार नव्हतं. म्हणून ब्रॅडलीने ग्रॅहमकडून साडेबारा फुटांची, थोडी झुकवता येणारी दुर्बीण करून घेतली आणि १९ ऑगस्ट १७२७ ला वॉन्स्टेडला बसवली. कुठे? मामीच्या घरात. दुर्बिणीची वाट मोकळी करण्यासाठी छपराला भोक पाडावं लागलं, जमिनीलाही पाडावं लागलं. मामीने हे सगळं करू दिलं. विज्ञानाच्या इतिहासात तिच्यासाठी एखादी ओळ तरी राखून ठेवायला हवी. तीच दुर्बीण आज ग्रीनिचला जपून ठेवलेली आहे.

या दुर्बिणीच्या टप्प्यात सुमारे दोनशे तारे येत होते. ब्रॅडलीने वर्षभर त्यातल्या निवडक ताऱ्यांचे वेध घेतले आणि हळूहळू एक नियम दिसू लागला. प्रत्येक तारा, सकाळी किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास डोक्यावर येत असताना, आपल्या उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या टोकाला असायचा. ताऱ्यांच्या वागण्याचा सूर्याशी, म्हणजेच आपल्या जागेशी आणि चालीशी संबंध होता. नियम मिळाला, पण कारण मिळेना. मॉलिन्यूला ते कारण कधीच कळलं नाही. तो नौदलाच्या मोठ्या कामावर गेला आणि १७२८ च्या एप्रिलमध्ये वारला. वयाची चाळिशीही त्याने पाहिली नाही.

उत्तर कसं सुचलं, याची एक गोष्ट पुढच्या काळात सांगितली जाऊ लागली. १७२८ च्या सप्टेंबरात ब्रॅडली काही मंडळींबरोबर टेम्स नदीत शिडाच्या होडीतून फिरत होता म्हणे. डोलकाठीच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारी छोटी पताका होती. होडी वळली की पताकेची दिशा थोडी बदलायची. प्रत्येक वळणाला वाराही बदलतो की काय, असं त्याने खलाशांना विचारलं. ते म्हणाले, वारा तोच आहे, होडीची दिशा बदलते आहे. गोष्ट अशीच घडली असो वा नसो, कोडं सुटलं ते याच कल्पनेने.

आपल्याला तर होडीचीही गरज नाही. मुंबईच्या पावसात छत्री घेऊन उभे राहा. वारा पडलेला आहे, पाऊस सरळ खाली येतोय. छत्री सरळ डोक्यावर. आता भरभर चालू लागा. पाऊस समोरून तिरका येतो आणि छत्री आपोआप पुढे कलते. स्कूटरवर असाल तर आणखी तिरका. मागे फिरून उलट दिशेला निघालात तर छत्री त्या बाजूला कलते. पाऊस तोच, आकाश तेच. छत्री किती कलवायची हे दोनच गोष्टींवर ठरतं, आपला वेग आणि थेंबांचा वेग.

ताऱ्याचा प्रकाश हा पाऊस. पृथ्वी ही स्कूटर. दुर्बीण ही छत्री.

तारा बरोबर डोक्यावर असला तरी दुर्बीण पृथ्वीच्या चालीच्या दिशेला किंचित कलती धरावी लागते. सहा महिन्यांनी पृथ्वी उलट दिशेला धावत असते, म्हणून दुर्बीण दुसऱ्या बाजूला कलती. आणि ते तीन महिन्यांचं कोडं? पॅरॅलॅक्स आपण कुठे आहोत यावर अवलंबून असतं, हे कलणं आपण कुठल्या दिशेला चाललो आहोत यावर. गोल रस्त्यावर धावणाऱ्याची जागा आणि त्याच्या नाकाची दिशा यांत नेहमी पाव फेरीचा फरक असतो. वर्षाचा पाव भाग म्हणजे तीन महिने. सगळं जागच्या जागी बसलं. याला इंग्रजीत ॲबरेशन म्हणतात, मराठीत प्रकाशाचं विपथन.

आता हिशेब

छत्रीचा कोन मिळाला की दोन वेगांचं गुणोत्तर मिळतं. ब्रॅडलीने कोन धरला २० विकलांच्या थोडा वर. त्यावरून प्रकाश पृथ्वीपेक्षा १०,२१० पट वेगाने धावतो, असं त्याने काढलं.

यातून आणखी एक गोष्ट फुकट मिळाली. कागद-पेन्सिल घ्या. एका वर्षात ३,१५,५७,६०० सेकंद असतात. तेवढ्या वेळात पृथ्वी आपली फेरी पूर्ण करते. प्रकाशाला तीच फेरी मारायला १०,२१० पट कमी वेळ लागेल, म्हणजे सुमारे ३,०९१ सेकंद. फेरीच्या परिघाला २ पायने, म्हणजे ६.२८ ने भागलं की त्रिज्या येते. भागा. ४९२ सेकंद. म्हणजे ८ मिनिटं १२ सेकंद. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला लागणारा हा वेळ. आजचं माप आहे ८ मिनिटं १९ सेकंद. धुराड्याला टांगलेल्या दुर्बिणीच्या आणि छपरातल्या भोकाच्या जिवावर तो सात सेकंदांच्या आत पोहोचला होता.

याआधी १६७६ मध्ये ओले रोमरने गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून प्रकाशाला वेळ लागतो, असं मांडलं होतं. अनेक जण ते मानायला तयार नव्हते. आता पूर्ण वेगळ्या वाटेने तीच गोष्ट समोर आली. पृथ्वी चालते आणि प्रकाशालाही वेग आहे, दोन्ही एकाच दगडात.

१७२९ च्या जानेवारीत रॉयल सोसायटीत हे वाचलं गेलं, एडमंड हॅली यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपात. त्या पत्राची सुरुवात ब्रॅडलीने मॉलिन्यूने सुरू केलेल्या वेधांपासूनच केली. आणि ज्यासाठी सगळा खटाटोप झाला, ते पॅरॅलॅक्स आपल्याला सापडलं नाही, हेही त्यात स्पष्ट होतं. ते एक विकला जरी असतं तरी आपल्याला दिसलं असतं, म्हणजे तारे सूर्यापेक्षा निदान दोन लाख पट लांब आहेत. न सापडलेल्या गोष्टीचाही त्याने असा उपयोग केला.

पण सेकंदाला किती मैल? तेवढ्यासाठी सूर्याचं अंतर पक्कं हवं होतं, आणि ते तेव्हा ढोबळच माहीत होतं. आज प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर आहे हे आपल्याला ठाऊक आहे. त्याला ब्रॅडलीच्या १०,२१० ने भागलं तर पृथ्वीचा वेग येतो २९.३६ किलोमीटर. आजचा आकडा २९.७८. फरक दीड टक्क्याहून कमी.

उरलेलं आयुष्य

एवढा शोध लागल्यावर दुसरा कुणी निवांत झाला असता. ब्रॅडलीच्या नजरेत मात्र एक बारीक विसंगती खुपत होती. विपथन वजा करूनही ताऱ्यांच्या जागेत काही विकलांचा फरक उरत होता आणि तो दर वर्षी बदलत होता. चंद्राच्या ओढीने पृथ्वीचा आस थोडा डुलत असावा, असा त्याचा अंदाज होता. पण चंद्राच्या कक्षेचं हे चक्र १८.६ वर्षांचं. खात्री करायची तर पूर्ण चक्र पाहायला हवं. त्याने ते पाहिलं! १७२७ पासून १७४७ पर्यंत, वीस वर्षं. १७३२ मध्ये तो मामीसह ऑक्सफर्डला राहायला गेला, तरी वेधांसाठी वॉन्स्टेडला येत राहिला. १७४८ मध्ये आसाचं हे डुलणं त्याने जाहीर केलं, त्याला न्यूटेशन म्हणतात. त्याच वर्षी त्याला कॉप्ले पदक मिळालं. क्यूला ज्या शंकेचं उत्तर नाही आलं होतं, ती शंका वेगळ्या रूपात खरी ठरली होती.

१७४२ मध्ये हॅलीनंतर तो राजखगोलज्ञ म्हणून ग्रीनिचला आला. यंत्रं जुनी, मोडकळीला आलेली. त्याने सरकारकडून १,००० पौंड मिळवले आणि नवी यंत्रं बसवली. १७४४ मध्ये चॅलफर्डच्या सुझॅना पीचशी त्याचं लग्न झालं, पुढे एक मुलगी झाली. ग्रीनिचचा पगार तुटपुंजा होता. म्हणून त्याला ग्रीनिचच्याच चर्चची चांगल्या उत्पन्नाची जागा देऊ केली गेली. त्याने ती नाकारली. वेधशाळा सांभाळून चर्चच्या लोकांना न्याय देता येणार नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. पुढे राजाने त्याला वर्षाला २५० पौंड वेगळे लावून दिले.

१७५२ मध्ये इंग्लंडने जुनी दिनदर्शिका सोडून नवी घेतली. २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. मधले अकरा दिवस गेले. (त्याआधीच्या वर लिहिलेल्या इंग्लंडमधल्या तारखा जुन्या पद्धतीच्या आहेत.) या बदलाच्या गणितात ब्रॅडलीचा हात होता. साध्या लोकांना ते रुचलं नाही. शेवटच्या दिवसांत तो आजारी पडला, तेव्हा देवाचे दिवस चोरल्याची ही शिक्षा आहे, असंही काही जण म्हणत होते म्हणे.

सूर्याचं अंतर पक्कं करण्याची संधी ६ जून १७६१ ला आली. त्या दिवशी शुक्र सूर्यबिंबावरून सरकत जाणार होता. जगात ठिकठिकाणी वेध घेऊन सूर्याचं अंतर काढायचं, ही हॅलीची कल्पना. ब्रॅडलीचा मदतनीस चार्ल्स मेसन त्यासाठी आफ्रिकेच्या टोकापर्यंत गेला. पण ग्रीनिचला स्वतः ब्रॅडली दुर्बिणीशी बसू शकला नाही, तब्येत पार ढासळली होती. त्याच्या जागी नॅथॅनियल ब्लिसने वेध घेतले. ज्या आकड्याने ब्रॅडलीचं गुणोत्तर मैलांत बदललं असतं, तो त्याच्या हयातीत पक्का झालाच नाही. १३ जुलै १७६२ ला चॅलफर्ड इथे तो वारला. मिंचिनहॅम्प्टनला त्याचं दफन झालं.

त्याच्या वेधांच्या वह्या वारसांनी नेल्या, त्यावरून सरकारशी वाद झाला आणि छापून यायला १७९८ आणि १८०५ उजाडलं. मग जर्मनीत फ्रीडरिश बेसेल या तरुणाने त्या सगळ्या वेधांचं गणित पुन्हा मांडलं आणि ३,२२२ ताऱ्यांच्या नेमक्या जागा १८१८ मध्ये प्रसिद्ध केल्या. याच बेसेलने १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं पॅरॅलॅक्स मोजून दाखवलं, एका विकलेच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याएवढं. आणि गॅमा ड्रॅकोनिस? तो सुमारे दीडशे प्रकाशवर्षं लांब आहे. त्याचं पॅरॅलॅक्स ब्रॅडलीला दिसलेल्या २० विकलांच्या हजाराव्या भागाएवढं. क्यूच्या दुर्बिणीला ते कधीच दिसलं नसतं. १७ डिसेंबरला पुन्हा डोळा लावला नसता, तर दोन्ही मित्रांच्या हाती काहीच आलं नसतं.

मॉलिन्यूचं घर आता नाही. पण क्यू गार्डन्समध्ये क्यू पॅलेससमोरच्या हिरवळीवर एक सूर्यघड्याळ उभं आहे. ती दुर्बीण जिथे होती, ती जागा लक्षात राहावी म्हणून राजा चौथ्या विल्यमने १८३२ मध्ये ते तिथे बसवायला लावलं. फुलं पाहायला गेलात तर पाच मिनिटं तिकडेही जा. मुलं बरोबर असतील तर त्यांना सांगा, इतक्या वेळात आपण नऊ हजार किलोमीटर पुढे आलो. आणि पाऊस असेल, तो तिथे बहुधा असतोच, तर छत्री घेऊन त्यांना जरा भरभर चालायला लावा.